पंचावन्न की पासष्ट

रविवार, ३ तारीख

वन्सं यांस नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन यांना आला आणि माझा जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि दोन मिनिटांत तुम्ही "बरं बरं, ठेवते" म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. खिडकीशी बसा आणि सावकाश वाचा.

निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात. विणकामाची पिशवी इथेच राहिली, सुया आतच आहेत. मुंगीच्या स्वेटरची डावी बाही पुरी झालेली दिसते. ती सध्या तिला चढायची नाही, प्लास्टर आडवं येतं. पिशवी मी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे.

मुंगीच्या हाताला सहा आठवडे लागतील. डॉक्टर म्हणाले, अकरा वर्षांच्या पोरीची हाडं पटकन जुळतात. प्लास्टर घालताना ती मला म्हणाली, "आई, हे गरम होतंय." मी लॅबमध्ये दिवसभर दातांचे साचे प्लास्टरमध्येच ओतत असते. म्हटलं, घट्ट होताना ते तापतंच, घाबरू नकोस, हे आपल्या ओळखीतलं आहे. शाळेतल्या मैत्रिणींनी आता त्यावर नावं लिहिली आहेत. जिन्यावरून कशी पडले हे तिने सगळ्यांना व्यवस्थित सांगितलं, कुठेही न अडखळता.

एका दिवसात आमच्याकडे दोन पडापडी झाल्या, पोरगी जिन्यावरून आणि टीव्ही कपाटावरून. शेजारीण विचारत होती, "त्या दिवशी तुमच्याकडे भूकंप झाला होता का हो?" मी म्हटलं, "झाला होता, पण आमच्या घरापुरताच." ती पोट धरून हसली.

आता मुद्द्याचं. नवा टीव्ही घ्यायचा ठरलं आहे. हे रोज दुकानांची माहितीपत्रकं घेऊन येतात. टेप लावून सोफ्यापासून भिंतीपर्यंत अंतर मोजलं, साडेसात फूट भरलं. त्या हिशोबाने त्रेचाळीस इंची पुरे, असं माझं मत. पंचावन्नचा लावला तर दिव्याची बटणं त्याच्यामागे जातील आणि दिवा लावायला रोज टीव्हीला मिठी मारावी लागेल. नाकापेक्षा मोती जड. पण यांचं म्हणणं, या वेळी मोठाच घेऊ, पोरीसाठी. एरवी स्वतःची कपबशी उचलत नाहीत, पण गेले आठ दिवस सकाळचा चहा तेच करतात. मुंगीच्या केसांना तेल लावून वेणीसुद्धा घातली. वाकडी झाली, पण घातली.

मी कधी नाही म्हणत नाही, तुम्हाला माहीत आहे. मिक्सर आला तेव्हा रंग मी निवडला. वॉशिंग मशीन आलं तेव्हा पुढून दाराचं हवं म्हणून मीच हट्ट धरला. बायका म्हणतात, तुझा नवरा हौशी आहे बाई. परवा हे शिकवतात त्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या एक साठीच्या बाई रस्त्यात भेटल्या. तीनदा परीक्षेत नापास झालेल्या. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस. मी दोनदा गाडी भिंतीवर घातली, पण त्यांनी आवाज चढवला नाही." मी म्हटलं, हो, तसेच आहेत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. घरात तो बसवायचा राहून गेला. हे अर्थात मी त्या बाईंना म्हटलं नाही.

तेव्हा बेताचा घ्यावा की मोठा, तुमचं मत कळवा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

आणखी एक विचारायचं होतं, पण कसं लिहावं ते सुचत नाही. त्या संध्याकाळी एवढं सगळं झालं, पण तुमचं विणणं थांबलं नाही. मला सुयांचा आवाज येत होता. असो. थोरल्यांना काय विचारायचं.

मुंगीचा नमस्कार.

तुमची भावजय


शुक्रवार, २२ तारीख

वन्सं,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही, तरी दुसरं लिहितेय. आजवर मी तुमच्या भावाला पत्रात "हे" आणि "ते" लिहीत आले. आज तसं लिहवत नाही. तुमचा भाऊ असंच लिहीन, राग मानू नका. मानलात तरी आता इलाज नाही.

त्याने तुम्हाला फोन करून सांगितलंच असेल की बायकोने भर दुकानात लोखंडी पट्टीने माझं डोकं फोडलं. ते खरं आहे. अकरा टाके पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं, तेही माझ्याच हातून. यात एका अक्षराची अतिशयोक्ती नाही; त्याच्या सांगण्यात ती नाही, असं पहिल्यांदाच झालं असेल.

मी आता लॅबच्या वरच्या खोलीत राहते. मालकीणबाईंनी जुन्या साच्यांची खोकी बाजूला सारून खाट टाकायला जागा दिली. जेवणाच्या सुट्टीत हे पत्र लिहितेय, समोर एकवीस कवळ्या वाळत ठेवल्या आहेत. निघताना तुम्ही मला उंबऱ्यात म्हणालात ना, "आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?" तेव्हा मी मान डोलावली. खरं म्हणजे मला सांगायला हवं होतं की माझा खालचा डावा दात मीच माझ्या हाताने बनवलेला आहे. लॅबमध्ये सगळ्यांना वाटतं, नमुना म्हणून बनवला.

दुकानात काय झालं ते माझ्याकडून ऐका.

आम्ही तिघं गेलो होतो. दुकान मोठं, भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. विक्रेता टकलू, बोलका, बरा माणूस. त्याने एका पासष्ट इंची टीव्हीला कॅमेरा जोडून ठेवला होता, म्हणजे गिऱ्हाइकाने समोर उभं राहावं आणि स्वतःला पडद्यावर पाहावं. म्हणाला, "हाय डेफिनिशन म्हणजे काय ते मी सांगून कळायचं नाही, या, उभे राहा. घामाचा थेंबसुद्धा मोजता येईल." आम्ही उभे राहिलो. मुंगी प्लास्टरवरची मैत्रिणींची नावं पडद्यावर वाचू लागली, तीही उलटी नाहीत, सुलटी. तुमच्या भावाने तिच्या खांद्यावर हात टाकला. विक्रेता म्हणाला, "वा, काय सुंदर कुटुंब आहे."

तुमचा भाऊ मुंगीला म्हणाला, "तू निवड. बाबांनी कबूल केलंय ना?"

तिने पंचावन्नवर बोट ठेवलं. मग जरा थांबून पासष्टकडे पाहिलं. आणि विचारलं, "बाबा, हात मोडला की पंचावन्नचा मिळतो. मग पासष्टचा काय मोडलं की मिळतो?"

वन्सं, ती टोमणा मारत नव्हती. अकरा वर्षांची पोर, तिला टोमणा येत नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं पेन्सिल केवढ्याला आणि वही केवढ्याला असं विचारतात. विक्रेता आधी हसला. मग थांबला. तुमचा भाऊ दात दाखवत म्हणाला, "काहीतरीच काय बोलतेस." त्यावर ती त्याला समजावून सांगू लागली. "आईच्या कानाखाली मारलंत तेव्हा मिक्सर आला. दात पडला तेव्हा वॉशिंग मशीन. फासळीला लागलं तेव्हा फ्रीज. म्हणून विचारतेय."

मला वाटायचं, तिला काही कळत नाही. ती पाळण्यात होती तेव्हाचा मिक्सर आहे तो.

मग त्याने तिचा हात धरला. प्लास्टरचा, कोपराच्या वर, जिथे ते संपतं. बाकीच्यांना पाठमोरं दिसत होतं, बाप लेकीला जवळ घेतोय असं. पण कॅमेरा समोर होता. पासष्ट इंचांवर मला त्याची बोटं दिसली, नखं पांढरी झालेली, आणि हात हळूहळू पिळला जात असलेला. मुंगीच्या वरच्या ओठावर घाम आला. ओरडली नाही. ओरडायचं नाही हे तिला पाठ आहे.

आता जे लिहिणार आहे ते मी पोलिसांनाही सांगितलं नाही. मी पोरीकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. आणि पडद्याच्या कडेला मी होते. वन्सं, मी हसत होते. ओठ थोडे विलगलेले, मान जरा कलती, पाहुण्यांसमोर हसतो तसं. माझ्या पोरीचा मोडका हात माझ्यापासून दोन फुटांवर पिळला जात होता आणि मी दुकानभर हसून दाखवत होते की काही नाही हो, आमचं नेहमीचंच. त्या यंत्रात माझा एकेक दात दिसत होता, मी बनवलेलासुद्धा. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

टेबलावर टीव्ही भिंतीला टांगायची पट्टी ठेवलेली होती, जाड लोखंडी, दोन हात लांब. ती मी उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, ओली काटकी मोडते तसा. त्याने मुंगीला सोडलं आणि माझ्याकडे वळला. दुसरा डोक्यात बसला. रक्त त्याच्या डोळ्यात गेलं, तो गुडघ्यावर आला आणि हात वर करून म्हणाला, "अगं, बास, बास."

बास हा शब्द मी बारा वर्षांत किती वेळा म्हटला असेन. तो थांबला असेल तर मला आठवत नाही. मी तिसरा मारला, तो खाली बसलेला असताना, पाठीत. त्याची काही गरज नव्हती. मुंगी सुटली होती, तोही पुढे येत नव्हता. मारला, कारण मला बरं वाटत होतं. हात सैल झाल्यासारखं, छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं, आणि त्या क्षणी मला कळलं की तुमच्या भावाला इतकी वर्षं काय मिळत होतं. चौथाही मारला असता. टकलू विक्रेत्याने मागून मला धरलं. मुंगी टीव्हीच्या खोक्यांमागे जाऊन बसली होती आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर तोवर मी फक्त तिच्या बापासाठीच पाहिली होती. या सगळ्यात मला सर्वांत जास्त दुःख याचंच आहे.

आता पुढचं. चौकीवरच्या बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. दुकानातल्या सगळ्यांनी मला मारताना पाहिलं. त्याने पोरीचा हात पिळला हे कुणीच पाहिलेलं नाही. विक्रेता म्हणतो, "मी रिमोट शोधत होतो, मला या लफड्यात ओढू नका." कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणतो, तो फक्त दाखवतो, काही साठवून ठेवत नाही. आणि हात मुळात मोडला कसा, याचा कागद दवाखान्यात आहे. "जिन्यावरून पाय घसरून पडली." माझ्या हाताने लिहिलेला. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही.

मुंगीलाच विचारा, असं मी त्यांना म्हटलं. बाईंनी विचारलं, तीनदा. पोरगी म्हणते, "मी जिन्यावरून पडले, सातव्या पायरीवरून." सातवी पायरी मी सांगितलेली. दवाखान्यात जाताना रिक्षात मी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. हात लोंबत होता, ती कण्हत होती, आणि मी म्हणत होते, "कितवी पायरी? नीट सांग." नुसतं जिना म्हटलं तर लोक शंका घेतात, पायरी सांगितली की गप्प बसतात. आता मी तिला म्हणते, बाळा, खरं सांग. ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "सातवी." तिला वाटतं मी परीक्षा घेतेय. मीच लावलेलं कुलूप, किल्ली माझ्याकडेच नाही.

सध्या ती मुलींच्या वसतिगृहात आहे, बालकल्याणच्या बाईंच्या देखरेखीखाली. सोमवारी ठरणार, ती माझ्याकडे राहणार की बापाकडे. मारकुट्या आईकडे पोर द्यायची कशी, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. तुमच्या भावाने अर्ज दिलाय की पोरीला घरी पाठवा, माझी थोरली बहीण कायमची येऊन राहील आणि तिला सांभाळेल. बाईंना ते पटलंय. वयस्कर आत्या घरात आहे म्हटल्यावर काळजी कसली, म्हणाल्या.

म्हणजे तुमच्या नावावर मुंगी त्या घरात परत जाणार आहे, वन्सं. तुम्ही त्याला होकार दिलात की त्याने न विचारता लिहिलं, हे मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी खोलीत आपण चौघंच होतो. तुम्ही खुर्चीत, विणत. मुंगीच्या हातून रिमोटचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि मॅच गेली. एवढंच निमित्त. त्याने रिमोट फेकला, तिला मनगटाला धरून उठवलं, हात पाठीमागे नेला आणि वर ओढला. आधी हात मोडला, मग त्याने तिला टीव्हीवर ढकललं. टीव्ही पडला तो तिच्यासकट. मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होते. तुमची खुर्ची चार फुटांवर होती. तुम्ही वर पाहिलंत. मग खाली पाहून टाके मोजायला लागलात.

मी तुम्हाला नावं ठेवत नाही. ठेवायला मला तोंड कुठे आहे? आपण दोघींनी एकाच कागदावर खोटं लिहिलं. आणि तुमचा डावा कान कशाने गेला हे तुम्हीच मला सांगितलंत, मुंगीच्या वेळच्या बाळंतपणात, हसत हसत. तुम्ही नऊ वर्षांच्या, वडिलांनी पट्ट्याच्या बक्कलने मारलं, कानातून दोन दिवस रक्त येत होतं, आणि तिसऱ्या दिवशी घरात नवाकोरा रेडिओ आला. तो तुम्ही उजव्या बाजूला ठेवून ऐकायचात. सासूबाईंनी त्याचा रंग निवडला होता, म्हणालात, लाल. तेव्हा आपण दोघीही हसलो होतो. तुमचा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा, तोही त्या खोलीत होता. रेडिओ आल्यावर सगळ्यात जास्त तोच नाचला, असंही तुम्ही सांगितलंत. त्याने दुसरं काही शिकायचं तरी कुठून, असं कधीकधी माझ्या मनात येतं. मग मुंगीचा भाव विचारणारा आवाज आठवतो आणि त्याची कीव करायची मला ताकद राहत नाही.

सोमवारी मी सगळं सांगणार आहे. जिना खोटा, सातवी पायरी खोटी, कागद माझा. पट्टी मीच उचलली, आणि तिसरा फटका तो खाली बसल्यावर मारला, हेही. वकीलबाई म्हणतात, तिसऱ्याचं बोलू नका, अंगाशी येईल. येऊ दे. मुंगी तिथे बसलेली असेल. मोठ्या माणसाला स्वतःच्या विरुद्ध खरं बोलताना तिने अजून एकदाही पाहिलेलं नाही. मी बोलले तर कदाचित तीही बोलेल. कदाचित नाही बोलणार.

पण माझ्या एकटीच्या बोलण्याला आता वजन नाही. नवऱ्याचं डोकं फोडलेली बाई काहीही सांगेल, असंच म्हणतील. तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण आहात. तुम्ही जे बोलाल ते मानलं जाईल, मग ते काहीही असो.

तुम्ही त्याला लहानाचा मोठा केलात, त्याच्या विरुद्ध उभं राहणं म्हणजे काय ते मला कळतं. नंतर त्याचं दार तुम्हाला बंद होईल. माझ्याकडे एक खाट आहे आणि कवळ्यांची खोकी आहेत. तेवढ्यात जागा होईल. याहून जास्त द्यायला माझ्यापाशी काही नाही, आणि वस्तू देऊन कुणाला गप्प बसवायचं किंवा बोलतं करायचं, हे मला आता करायचं नाही.

सोमवारी अकरा वाजता, बालकल्याणचं ऑफिस, दुसरा मजला. लिफ्ट बंद असते, जिन्यात बाक आहेत, त्यांवर बसत बसत चढा. तुम्ही आला नाहीत तर मुंगीला मी कधीच सांगणार नाही की आत्याला बोलावलं होतं.

तुमच्या भाचीची आई